तिसऱ्या कॉफीची वाट

पाहुणचार कसा करावा हे सगळेच शिकवतात. पाहुण्यानं कसं वागावं, आणि मुख्य म्हणजे कधी उठावं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ त्राव्निकला यावं आणि हायरुदिन मास्तरांचं घर विचारावं. कुणीही दाखवेल! आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण माझा खरा विषय हा. माझ्याइतका वेळेवर उठणारा पाहुणा अख्ख्या बोस्नियात सापडायचा नाही.

ह्याचं श्रेय अर्थात आमच्या कॉफीला. आमच्याकडे पाहुण्याला कुणी 'निघा आता' म्हणत नाही, इतके काही आम्ही रानटी नाही. पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची, आणि यजमानीण तिसरी घेऊन आली की ती 'चालते व्हा' कॉफी. तीही हसतमुखानं येते, सोबत साखरेचा खडाही असतो. पाहुणा ती पितो, "काय सुरेख झालीय" म्हणतो आणि टोपी उचलतो. मुक्कामाच्या पाहुण्यालाही हाच नियम. रोज दोन मिळताहेत तोवर बिनघोर राहायचं, ज्या दिवशी तिसरी आली त्या दिवशी सामान बांधायचं. आणि तिसरीच्या आधीच उठणं म्हणजे तुमच्या घरात आमचा जीव रमत नाही, असं यजमानाला तोंडावर सांगणं. ते पाप माझ्या हातून कधी घडलं नाही.

तर अशी तयारी घेऊन मी आणि माझी बायको झुम्रा हेर्त्सेग नोवीला गेलो, समुद्रकाठी, माझा लष्करातला दोस्त क्रस्तो ह्याच्याकडे. आम्ही दोघं एका बराकीत बटाटे सोलत होतो तेव्हा हा सगळा एकच देश होता आणि समुद्रावर जायला फक्त बसचं तिकीट लागायचं. आता क्रस्तो परदेशात राहतो. तो जागचा हलला नाही, मीही हललो नाही, मधल्या मध्ये सीमा येऊन बसली.

गेलो होतो आठवडाभरासाठी. तेव्हा बाजारात चेरी होत्या. मग जर्दाळू आले आणि गेले, कलिंगडं आली, आणि आता क्रस्तोच्या गच्चीवर अंजिरं वाळत पडली होती. रोज सकाळी त्याची बायको दारिंका द्राक्षांच्या मांडवाखाली कॉफी आणायची. मग दुसरी आणायची. मग मी अर्धा तास स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचो. तिसरी काही येत नव्हती.

"अहो, आपले आलुबुखार झाडाखाली पडून कुजत असतील," झुम्रा रोज म्हणायची. "शेजारच्या साल्कोची शेळी फाटकातून आत आली असेल. निघू या ना."

"मला काय हौस आहे? पण ती बाई तिसरी कॉफी देत नाहीये. जीव लावलाय त्यांनी. असं तोडून जायचं?"

"इथल्या लोकांत तिसऱ्या कॉफीची पद्धत नसली तर?"

ह्यावर मी हसलो. पद्धत नाही म्हणजे काय? माणसं आहेत ना ती?

सप्टेंबर लागला आणि घरात गडबड सुरू झाली. क्रस्तोच्या मुलीचं, आंजाचं, कोतोरच्या एका मुलाशी जुळत होतं, आणि मुलाचे आईवडील शनिवारी घर बघायला, दोन रात्री राहायला येणार होते. आंजा चौतिसाव्या वर्षी कशीबशी लग्नाला तयार झाली होती. ह्या शनिवारी काही बिनसलं तर ती पुन्हा तयार होणार नाही, असं दारिंकानं झुम्राला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. आता घरात पाहुण्यांना देता येईल अशी खोली एकच, क्रस्तो-दारिंकाची स्वतःची, आणि तिच्यात आम्ही. क्रस्तो आणि दारिंका आम्ही आल्यापासून स्वयंपाकघरात जमिनीवर झोपत होते. मला वाटायचं, गारव्यासाठी.

सोमवारी क्रस्तोनं नाश्त्याच्या वेळी त्राव्निककडे जाणाऱ्या सगळ्या बसच्या वेळा मोठ्यानं वाचून दाखवल्या. परतीच्या वाचल्या नाहीत. मला भरून आलं. म्हटलं, ह्याला आमच्या गावाची किती ओढ! "अरे, कधीही ये, घर तुझंच आहे," मी म्हणालो. त्यानं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

मंगळवारी दारिंकानं आमच्या बॅगा कपाटावरून काढून, पुसून, उघड्या करून पलंगावर ठेवल्या. बघा ही टापटीप! मी त्या परत बंद करून कपाटावर ठेवल्या, उगाच तिला उचलायचा त्रास नको म्हणून. बुधवारी तिनं खोलीतले पडदे काढले. आणि गुरुवारी सकाळी मी डोळे उघडतो तर क्रस्तो शिडीवर उभा, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, आणि छताला सफेदी चाललेली. चार थेंब माझ्या उशीवर पडले.

"खोलीला सफेदी करतोय," तो म्हणाला. "तुम्हाला इथं आता त्रास होईल, हायरो."

"त्रास कसला? दुसरा ब्रश कुठाय?"

दोघांनी मिळून दुपारपर्यंत चारी भिंती संपवल्या. क्रस्तो एक शब्द बोलला नाही. मित्र मनापासून काम करत असला की गप्पच असतो, मी त्याला लष्करापासून ओळखतो.

संध्याकाळी झुम्रानं मला गच्चीच्या कोपऱ्यात गाठलं. तिच्या हातात माझा सफेदीनं माखलेला सदरा होता आणि आवाज हळू होता. आवाज हळू असला की मी घाबरतो.

"ती माणसं आपल्याला हाताला धरून बाहेर काढायची बाकी राहिलीत. परवा पोरीच्या सासरचे यायचेत. तिचं लग्न मोडलं तर हा क्रस्तो जन्मात तुमचं तोंड बघणार नाही."

"पण तिसरी कॉफी..."

"तिसरी कॉफी उद्या मी करते. माझ्या हातानं. मुकाट प्यायची आणि उठायचं."

मी म्हणालो, दुसऱ्याच्या घरात आपल्याच बायकोनं दिलेली 'चालते व्हा' कॉफी कुठल्या कायद्यात बसते? ती म्हणाली की घरी अशा कितीतरी दिल्या, तुम्ही एकदाही हलला नाहीत. विषय तिथं संपला. आम्ही बॅगा भरल्या आणि शुक्रवारची दुपारची बस ठरवली.

शुक्रवारी पहिली कॉफी झाली. दुसरी झाली. झुम्रा आत गेली आणि तिनं तांब्याचं मोठं भांडं चुलीवर चढवलं. एका माणसापुरती कॉफी करणं आमच्यात शोभत नाही, तेव्हा तिनं घरभर पुरेल एवढी केली. इतक्यात फाटक वाजलं. दारात मुलाचे आईवडील! मुलाचे वडील श्पिरो जहाजावरचे कप्तान. त्यांच्या गुडघ्यानं म्हणे शनिवारी वादळ येणार असं सांगितलं, म्हणून ते एक दिवस आधीच निघाले.

दारिंकाचा चेहरा आमच्या भिंतींहून पांढरा झाला. खोलीत आमच्या बॅगा, खिडकीत माझे मोजे आणि हवेत ओल्या सफेदीचा वास. पण बाई पक्की. तिनं पाहुण्यांना मांडवाखाली बसवलं, स्वतः पळत जाऊन स्वागताची कॉफी आणली, अंजिरं मांडली. झुम्रा चूल सोडून आमची खोली आवरायला धावली. मी पाहुण्यांजवळ बसलो. मुलाची आई, येल्काबाई, ताठ बसणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. दारिंकानं लगेच दुसरी कॉफी आणली. गप्पा नुकत्या रंगू लागल्या होत्या, कप्तानसाहेबांनी पहिलंच वाक्य उच्चारलं होतं, आणि तेवढ्यात आंजा बाहेर आली.

पोरीनं चांगला पोशाख घातला होता, केस विंचरले होते. हातात तबक, तबकात कपांची रांग. आईला मदत करावी, सासूवर छाप पडावी, ह्या शुद्ध हेतूनं तिनं चुलीवर तयार दिसलेली झुम्राची कॉफी ओतून आणली होती. तिनं गोड हसून पहिला कप येल्काबाईंच्या पुढ्यात ठेवला. सोबत साखरेचा खडा.

येल्काबाईंनी कपाकडे बघितलं. मग आंजाकडे. मग पुन्हा कपाकडे.

"ही तिसरी," त्या म्हणाल्या.

"हो," आंजा खुशीत म्हणाली. "खास तुमच्यासाठी आणली."

मी हळूच विचारलं, "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

"सारायेव्हो," येल्काबाई म्हणाल्या. म्हणजे थेट आमच्या बोस्नियातल्या!

त्याच वेळी आंजानं बापापुढे कप धरला, आणि क्रस्तोनं तो कप्तानांकडे सरकवला. "मला नको, तुम्हीच दोन घ्या. रक्तदाबामुळे डॉक्टरनं मला दिवसाला दोनच सांगितल्यात. मला मोह नको म्हणून वसंतापासून ह्या घरात तिसरी कॉफी होतच नाही. आज तुमच्यासाठीच केलेली दिसते."

डॉक्टर! अख्खा उन्हाळा मी ज्याला माया समजत होतो तो रक्तदाब होता. पण शोक करायला वेळ नव्हता. येल्काबाई उठल्या होत्या.

"श्पिरो, टोपी घे. घरात पाऊल टाकून तास झाला नाही तोच होणाऱ्या सुनेनं आपल्याला वाटेला लावलं. वर यजमान म्हणतात, दोन घ्या."

कप्तानसाहेबांनी टोपी घेतली. क्रस्तो गोंधळून त्यांची बाही ओढू लागला, दारिंका काय झालं, काय झालं करत रडकुंडीला आली, आणि आंजा रिकामं तबक छातीशी धरून उभी राहिली. तिची हनुवटी थरथरायला लागली. त्या पोरीला मी तिच्या बारशाला मांडीवर घेतलं होतं. मला ते बघवेना.

मी येल्काबाईंच्या पुढ्यातला कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला. मग कप्तानांचे दोन. मग दारिंकाचा. कॉफी उकळती होती आणि खालचा गाळही पोटात गेला, पण मी शेवटचा कपसुद्धा सोडला नाही.

"बसा बाई," मी म्हणालो. जीभ भाजल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. "ही कॉफी तुमची नाही. माझी आहे. माझ्या बायकोनं माझ्यासाठी केली होती. ह्या घरातून ज्यानं जायला हवं तो माणूस मी आहे. पोरीला ह्यातलं काही माहीत नाही, ती बिचारी इथली आहे."

येल्काबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. माझ्या कानात अजून सफेदी होती. "कधी आलात तुम्ही?"

"चेरी होत्या तेव्हा."

त्यांनी गच्चीवर वाळणाऱ्या अंजिरांवरून नजर फिरवली. मग त्या हळूच खाली बसल्या.

"मग एका कपानं भागणार नव्हतंच," त्या म्हणाल्या.

सगळ्यांत आधी कप्तान हसले. मग आंजा, रडता रडता. येल्काबाईंनी तिला हात धरून शेजारी बसवलं आणि सारायेव्होतली कॉफी तिला पहिल्यापासून समजावून सांगायला घेतली. त्या हात धरण्यावरूनच मी ओळखलं की लग्न ठरलं.

क्रस्तोनं मला बाजूला घेतलं. "म्हणजे तू जायला तयार होतास?"

"जूनपासून."

"अरे माणसा! आमच्याकडे पाहुणा उठतो, आम्ही बाही धरून बसवतो, तो पुन्हा उठतो, आम्ही पुन्हा बसवतो, आणि मग सोडतो. मी जुलैपासून तुझी बाही धरायला टपलोय. तू उठशील तर ना! मग मी ती सफेदी कशाला केली?"

"मला वाटलं, तुला हौस आहे."

आम्ही दुपारच्या बसनं निघालो. क्रस्तोनं रीतीप्रमाणे माझी बाही धरली, पण फार घट्ट नाही. घरी पोचलो तर आलुबुखार साल्कोच्या शेळीनं संपवले होते.

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट. ह्या वर्षी आलुबुखारांच्या दिवसांत क्रस्तो आणि दारिंका आमच्याकडे आले, आंजाच्या लग्नाचे फोटो दाखवायला, तीन दिवसांसाठी. मला केवढा आनंद झाला! फोटो बघून झाले. मुरंबा झाला. आता अंगणात कोबी खारवायला पिंप धुऊन ठेवलंय, आणि समोरच्या डोंगरावर बर्फ दिसू लागलाय. दारिंका म्हणते, इथल्या हवेनं ह्यांचा रक्तदाब कसा ताळ्यावर आलाय. आमची खोली त्यांना देऊन मी आणि झुम्रा स्वयंपाकघरात झोपतो. जमीन फारच गार आहे.

झुम्रा रोज तिसरी कॉफी करते. हसतमुखानं नेते, साखरेच्या खड्यासह. आणि क्रस्तो, ज्याला त्या कॉफीचा अर्थ आता पुरता ठाऊक आहे, तो कप दोन बोटांनी हलकेच परत सरकवतो.

"नको वहिनी. डॉक्टरनं दोनच सांगितल्यात."

आज सकाळी मी बाजारातून सफेदीचा डबा आणला, शिडी लावली, आणि त्यांच्या खोलीच्या छताला पहिला हात दिला. क्रस्तो उशीवरून माझ्याकडे बघत होता. मग तो उठला, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "दुसरा ब्रश कुठाय, हायरो?"