शिट्टी वाजेपर्यंत साळवेकाका

आपला संघ पुढं असला की साळवेकाका मैदानाकडं पाठ करून बसतात.

बजाजनगरात त्यांची आणि आमची भिंत एक. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि तिथल्याच हॉकी संघात गोल राखला. नोकरी संपली, हॉकी काही सुटली नाही. आता कॉलनीतल्या मुलींना रोज सकाळी खेळायला शिकवतात. वेळेआधी आनंद करणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा. माझ्या मुलीचा बारावीचा निकाल मोबाइलवर आला, मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "मार्कशीट हाती येऊ द्या, सर. अजून शिट्टी वाजली नाय." पेढा मात्र खाल्ला. माझ्या मेहुण्याच्या लग्नात अक्षता पडल्या तरी नवरदेवाला शुभेच्छा देईनात. "आत्ता कुठं खेळ चालू झालाय," म्हणाले.

यंदा त्यांच्या मुली जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचल्या. जिंकलं तर अंतिम सामना, हरलं तर घर. मी त्यांना स्कूटरवर मैदानावर घेऊन गेलो.

मध्यंतराला आपले चार गोल, समोरच्यांचा एकही नाही. काकांनी खुर्ची फिरवली आणि कंपाउंडच्या भिंतीकडं तोंड करून बसले.

"चाचा, उधर क्या देख रहे?" शेजारच्यानं विचारलं.

"आघाडी. लई वंगाळ चीज हाय."

लोक हसले. मीही हसलो.

मध्यंतरानंतर पोरी बिचकल्या. चार गोल पोटाशी धरून सगळ्याच आपल्या गोलपाशी गोळा झाल्या, पुढं जायला कुणी तयार नाही. पहिला गोल बसला. दुसरा बसला. तिसरा तर गोलकीपर सानियाच्या पायाला लागून आत गेला. मी काकांच्या पाठीला हळूच सांगितलं. त्यांनी खुर्ची पुन्हा मैदानाकडं फिरवली.

"आता बघाय पायजे, सर. आता पोरींना गरज हाय."

मग ते घसा फुटेस्तोवर ओरडत राहिले, "पुढं जावा गं! पुढं!" कुणी गेलं नाही. चौथा गोल झाला. अगदी शेवटी पेनल्टी कॉर्नरवर पाचवा. शिट्टी वाजली.

कुणी रडत होतं, कुणी कुणावर चिडत होतं. प्रेक्षक पांगले. सानिया गोलमध्येच बसून राहिली, हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. काका तिच्याजवळ गेले, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि तिच्या पॅडचे पट्टे सोडू लागले.

"चाचा, मेरी वजह से गया."

"पाच बसले ते समद्यांना दिसले. तू अडवलेले कुणी मोजले नाय. म्या मोजले."

"कितने?"

"सांगत नाय. डोक्यात हवा जाईल."

ती हसली नाही. पण हेल्मेट काढलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडली. काका पुढचा पट्टा सोडत राहिले.

मी त्यांना स्कूटरवरून घरी आणलं. दारापाशी उतरले, कुलूप काढलं आणि उंबऱ्यावरच थांबले. काकू जाऊन दोन वर्षं होत आली. मुलगा पुण्यात असतो.

"सर, बसता का जरा? च्या टाकतो."

"काका, उशीर होतोय."

"व्हय, ते बी खरंय." ते आत निघाले, पुन्हा वळले. "जिंकलेली मॅच एकट्याला पचती हो. हरलेली नाय पचत. आमची ही होती तवा भाकऱ्या थापत समदी ऐकून घ्यायची. हॉकीतलं काय बी कळायचं नाय तिला."

मला हॉकीतलं थोडंफार कळतं. मी स्कूटर स्टँडला लावली, चपला काढल्या आणि म्हणालो, "सांगा काका. अगदी पहिल्यापासून."