डॉक्टरांनी बंद केलेली पानं

"माझ्या मोबाइलमध्ये काय आहे, हे माझ्या मोबाइललासुद्धा ठाऊक नसतं!"

दातांचे डॉक्टर हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत. तेही समोरच्याच्या तोंडात कापसाचे बोळे असताना, म्हणजे उलट बोलायची सोयच नाही! वाचलं की पान बंद, काम झालं की पान बंद. मोबाइल खिशात ठेवण्याआधी ते एकेक पान असं मिटत, की जणू मागे पोलीस लागलेत.

"पण डॉक्टर," त्यांच्या मदतनीस ताई एकदा म्हणाल्या होत्या, "बंद केलेली पानं परत उघडतात म्हणे. माझ्या भावजयीची उघडली. आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं."

"भावजयीची उघडत असतील. माझी नाही उघडत!"

ताई गप्प बसल्या. दवाखान्यात गप्प बसण्याची सवय रुग्णांइतकीच त्यांनाही लागली होती.

तर त्या दिवशी डॉक्टरांच्या खुर्चीत जो माणूस येणार होता, त्याच्या दाढेपेक्षा त्याची मर्जी जास्त महत्त्वाची होती. ते दवाखान्याचे घरमालक होते. जागेचा करार महिनाअखेर संपत होता, आणि शेजारचा गाद्यांचा दुकानदार जागेवर टपून बसला होता. येता-जाता तो दाराच्या चौकटीला पट्टी लावून मापं घेई आणि डॉक्टरांकडे बघून गोड हसे. इतक्या वर्षांचा जम, ठरलेले रुग्ण, जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेली खुर्ची... सगळं मालकांच्या एका 'हो'वर लटकलेलं!

आणि नेमकी मालकांची दाढ ठणकायला लागली. डॉक्टरांना इतका आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

मालक आले. बरोबर त्यांच्या पत्नीही होत्या. मालक म्हणजे बोलण्याचा उघडा नळ. दारापासून खुर्चीपर्यंत चार पावलं चालताना त्यांनी हवामान, रस्त्यावरचे खड्डे आणि स्वतःच्या जावयाची अक्कल हे तिन्ही विषय उरकले.

"मालक, आधी तब्येत सांगा. गुडघा काय म्हणतो?" डॉक्टरांनी हातातलं काम टाकून विचारलं.

"अरे वा! गुडघ्याची चौकशी आमच्या घरातसुद्धा कुणी करत नाही!"

"आणि यांची ओळख करून द्या की. धाकट्या बहिणीला घेऊन आलात का आज?"

मालकीणबाईंनी पदर सावरला. "काहीतरीच काय, डॉक्टर! बायको आहे मी यांची."

"अशक्य!" डॉक्टर म्हणाले. "ताई, ऐकलंत का? अशक्य!"

"ऐकलं," ताई म्हणाल्या.

मालक खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरांनी आरसा घालून दाढ पाहिली. "मोठं भोक पडलंय, मालक. चांगलं प्रशस्त आहे."

"प्रशस्त? मग तीही भाड्यानं देऊन टाकू!"

डॉक्टर क्षणभर थांबले. मग एकदम खो खो हसले. खांदे हलवून, डोळे पुसून हसले. मालक खूश! डॉक्टरांनी मनातल्या मनात करारावर सही झालेली पाहिली, आणि भुलीचं इंजेक्शन दिलं.

थोड्या वेळात मालकांचा अर्धा चेहरा बधिर झाला. तोंड मिटू नये म्हणून रबराचा ठोकळा बसला, गालात कापूस गेला, ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी घरघरू लागली. डॉक्टरांनी दाढेच्या मुळात बारीक सुई सरकवली.

"आँ!" मालक म्हणाले.

"दुखतंय? नाही ना? छान!" डॉक्टर म्हणाले. तोंडात हात घालून प्रश्न विचारायचे आणि उत्तरंही आपणच द्यायची, हा त्यांचा शिरस्ता होता. "तुम्ही नुसते समोर बघत पडा. मासे दाखवतो."

खुर्चीच्या समोर भिंतीवर हा मोठा टीव्ही होता. डॉक्टर त्याला मोबाइल जोडत आणि घाबरट रुग्णांना पाण्यात पोहणारे रंगीत मासे दाखवत. उजवा हात दाढेत अडकलेला, म्हणून डाव्या हातानं मोबाइल धरला आणि अंगठ्यानं दाबला. आता अंगठ्यावर रबरी हातमोजा, मोज्यावर मालकांची लाळ. दाबलं एक, लागलं भलतंच! 'नुकतीच बंद केलेली पानं पुन्हा उघडायची का?' असं मोबाइलनं अदबीनं विचारलं, आणि ओल्या अंगठ्यानं डॉक्टरांच्या वतीनं 'हो' म्हणून टाकलं.

मासे आले नाहीत. भिंतभर अक्षरं आली:

'भूल दिल्यावर तो शुद्धीवरच आला नाही तर काय करावे?'

खुर्चीत आधी मालकांचे पाय ताठ झाले. मग हात. मग डोळे.

"आँ? आँआँ!"

"अहो नाही, नाही! ते आमच्या बोक्यासाठी!" डॉक्टर घाईनं म्हणाले. "त्याचं ऑपरेशन होतं!"

"तुम्ही बोक्यांचेही दात काढता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"छे हो, मी नाही केलं. आणि दाताचं नव्हतं ते. त्याचं... जरा खालच्या मजल्यावरचं होतं."

मालकांनी दोन्ही गुडघे घट्ट मिटून घेतले.

"मग आला का शुद्धीवर?" बाईंनी काळजीनं विचारलं.

"आला तर! फक्त आता मला ओळख दाखवत नाही. ताई, तो मोबाइल घ्या आणि हे पान आधी घालवा! माझ्या हातात सुई आहे, मला सोडता येत नाही!"

ताईंनी मोबाइल गरम तव्यासारखा दोन बोटांत धरला. "काय दाबू?"

"डावीकडचा बाण!"

ताईंनी बाण दाबला. पण बाण इमानदार निघाला. तो मागेच घेऊन गेला, आधी बंद केलेल्या पानावर:

'किंकाळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नयेत म्हणून भिंतींना काय लावावे?'

मालकांनी उठायचा प्रयत्न केला. पण डॉक्टरांची खुर्ची एकदा मागे कलली की पोटवाल्या माणसाची अवस्था पाठीवर पडलेल्या कासवासारखी होते. ते फक्त हातपाय हलवू शकले.

"हलू नका, मालक! सुई आत आहे! अहो, मुलगी व्हायोलिन शिकतेय माझी! तुम्ही एकदा ऐका, तुम्हीसुद्धा हेच शोधाल!"

"पण किंकाळ्या लिहिलंय," मालकीणबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही अजून ऐकलं नाहीये ना, म्हणून म्हणताय! ताई, हे घालवा!"

"पुन्हा बाणच दाबू?"

"काहीही दाबा!"

ताईंनी काहीही दाबलं. आणि भिंतीवर एक चित्र उगवलं. किल्ल्यांच्या जुडग्यावर बसलेला एक जाडजूड माणूस, तोंडात चिरूट, कपाळावर आठ्या. चित्राखाली ठळक अक्षरांत:

'खडूस घरमालकाला गुंडाळावं कसं?'

दवाखान्यात फक्त लाळेची नळी घरघरत होती.

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मोबाइलकडे पाहिलं. त्या घाबरून बोट वर-खाली करू लागल्या, तसं पान संथपणे पुढे सरकू लागलं. मालकीणबाईंनी चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"घरमालक आला की हातातलं काम टाकून आधी त्याची तब्येत विचारावी. एखादा दुखरा अवयव ठाऊक असल्यास उत्तम."

मालकांची नजर आपल्या गुडघ्याकडे गेली आणि तिथून सावकाश डॉक्टरांकडे आली.

"त्याच्या विनोदाला हसावं. पण लगेच हसू नये. क्षणभर थांबून हसल्यास खरं वाटतं."

"आँ," मालक म्हणाले. हा 'आँ' आधीच्यांपेक्षा वेगळा होता. त्यात गाद्यांचं दुकान होतं.

"सोबत त्याची पत्नी असल्यास," बाई वाचत होत्या, आणि इथं त्यांचा आवाज बारीक झाला, "सोबत त्याची पत्नी असल्यास, ती त्याची धाकटी बहीण आहे का, असं विचारावं."

त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे, डॉक्टर, तेही पानातलंच?"

"नाही, वहिनी! पानात नुसतं 'बहीण' असतं तरी मी 'धाकटी' स्वतःहून..."

"पानात 'धाकटी' आहे," ताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी डॉक्टरांना चारचौघांत खोटं पाडलं होतं.

डॉक्टरांना समोर स्पष्ट दिसू लागलं. खुर्ची रस्त्यावर, पाटी रद्दीत, आणि जिथं इतकी वर्षं लोक आ करत होते तिथं आता लोक गाद्यांवर आडवे होऊन 'अहाहा' करताहेत!

त्यांनी मुकाट्यानं दाढ पुरी केली. हात मात्र जरासुद्धा थरथरला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. तात्पुरतं सिमेंट भरलं, ठोकळा काढला, खुर्ची सरळ केली. मालक उसळून उभे राहिले, भिंतीकडे बोट दाखवलं, डॉक्टरांकडे दाखवलं, शेजारच्या गाद्यांकडे दाखवलं आणि गरजले.

म्हणजे गरजायला गेले. बधिर जिभेनं साथ दिली नाही. "फ्वा फ्वा बाबाबा!" एवढंच आलं, आणि एक मोठा बुडबुडा.

"बोलू नका, मालक," डॉक्टर केविलवाणे म्हणाले. "भूल उतरेपर्यंत जीभ चावली जाईल."

मालक पुन्हा तोंड उघडणार तोच बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंत ना डॉक्टर काय म्हणाले? गप्प बसा."

मालक गप्प बसले. बाईही गप्प राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाई ते सगळं मान कलती करून ऐकत होत्या. जंगलात हरवलेल्या माणसाला लांबवर वाहतं पाणी ऐकू यावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "किती वेळ राहतं हो हे?"

"काय?"

"हेच. हे असं."

"तीनेक तास. पण वहिनी, मी तुमची मनापासून माफी..."

"तीन तास!" बाई खुर्चीत बसल्या. "लग्न झाल्यापासून सलग तीन मिनिटं मिळाली नाहीत मला. झोपेतसुद्धा जावयावर बोलतात!"

"फ्वा!" मालक म्हणाले.

"ते म्हणताहेत, डॉक्टरांचा करार वाढवून टाक," बाईंनी सांगितलं.

मालकांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"पाच वर्षांसाठी, म्हणताहेत." बाई पर्समध्ये पेन शोधू लागल्या. "अहो, असे डोळे काय वटारता? जागा कागदोपत्री माझीच आहे. बोलायचं काम तेवढं तुमचं होतं. आज तुम्हाला बोलता येत नाहीये, म्हणून मी बोलते."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते क्षणभर थांबले, आणि थांबल्याबरोबर घाबरून ताबडतोब रडले.

"फक्त एक," डॉक्टरांनी धावत आणलेल्या करारावर सही करता करता बाई म्हणाल्या. "दर शनिवारी आणीन मी यांना. काहीतरी काढा."

"वहिनी, बाकीचे दात ठणठणीत आहेत त्यांचे."

"असं कसं? नीट बघा. पाच वर्षं राहायचंय ना तुम्हाला?"

डॉक्टरांनी नीट बघितलं.

तेव्हापासून दर शनिवारी मालक येतात. म्हणजे आणले जातात. डॉक्टर त्यांच्या तोंडात ठोकळा बसवतात आणि जमेल तितक्या सावकाश दात घासून देतात. बाई समोर बसून डोळे मिटून मासे बघतात. ते कसं जमतं, हे त्यांनाच ठाऊक. मालकांचे दात इतके चकचकीत झालेत की अंधारात दिवा लावायची गरज पडत नाही. किडायचं मात्र एकही नाव घेत नाही, आणि कराराची साडेचार वर्षं अजून जायची आहेत.

डॉक्टर हल्ली मोबाइलवर एकच पान पुन्हा पुन्हा उघडतात: 'निरोगी दातांवर करता येण्याजोगे दीर्घ उपचार.' ते पान ते बंद करत नाहीत. लपवायचं कुणापासून? वहिनींनीच तर पाठवलंय!