गोठ्याला मावळ्यांचा पहारा

येशूच्या गोठ्याबाहेर भाले घेऊन उभे असलेले मावळे तुम्ही कुठे पाहिलेत? मी पाहिलेत, आमच्या नोएडाच्या सोसायटीत. आणि ते उभे करणारे बर्वेकाका माझे शेजारी होते, हे मी अजूनही छाती फुगवून सांगते.

तेव्हा नोएडात शेतं संपून सेक्टर सुरू होत होते, बाहेरच्या कंपन्या येत होत्या. आमच्या एका जिन्यात पंजाबी, बंगाली, मल्याळी, मराठी, सगळेच नवे. काका फ्रिजच्या कारखान्यात क्वालिटीचे साहेब. दिवसभर फ्रिजमधले दोष काढत आणि घरी आले की सणांमधले. लोहडीला चड्ढाजींनी रेवडी तोंडात टाकली रे टाकली की काका गरजत, "चड्ढाजी, पहले अग्नी को, बाद में आप को! रीतसर होना चाहिए!" करवा चौथला हा विधुर गृहस्थ गच्चीत चंद्राची वाट बघत उभा, आणि चंद्र दिसला की जिन्यातून हाळी, "निकला! भाभीजी, पानी पियो!" मिसेस चड्ढांना मराठीतला एकच शब्द येई. रीतसर!

कुणी सणाला गावी निघालं की घराची किल्ली काकांकडे. मग काका त्यांच्या दारात दिवा लावत, बंगाल्यांच्या उंबऱ्यावर आल्पना काढत. ती हमखास आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीवर जाई. "सणाला घर अंधारात राहता कामा नये," एवढंच त्यांचं म्हणणं.

एका डिसेंबरात समोरची अन्नम्मा वडील आजारी म्हणून नवऱ्याला आणि मुलीला घेऊन केरळला धावली. ख्रिसमसला काकांनी तिच्या बाल्कनीत दिव्याचा तारा टांगला आणि हॉलमध्ये गोठा केला. गोठा कसला, दिवाळीचा किल्लाच तो! विटा, पोतं, चिखल, वर मोहरी पेरून उगवलेली हिरवळ. आत बाळ, गाई, आणि बाहेर पुण्याहून आणलेले मातीचे मावळे. मला हसू आवरेना. काका चिडले. "बाळंतीण उघड्यावर, थंडी ही अशी, आणि पहारा नको?"

दोन-चार दिवसांनी आमच्याकडे फोन आला. अन्नम्माचे वडील गेले होते, आणि मंडळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतणार होती. मी काकांना सांगितलं तर ते मटकन खालीच बसले.

"अगं, माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण नसतो. आणि मी तारा लावलाय, तोही न विचारता! ती पोर आता माझं तोंड बघणार नाही."

गोठा मोडायला काय, तारा विझवायलाही त्यांचा हात धजेना. शेवटी दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मीच त्यांना ओढून नेलं. पहिला मावळा उचलतात न उचलतात, तोच बॅगा घेऊन अन्नम्मा दारात.

"गलती हो गई, बेटा," काका पुटपुटले. "अभी निकालता हूँ सब."

ती गोठ्याकडे बघत राहिली. "रहने दीजिए, अंकल. पूरे रास्ते एक ही डर था, अँधेरे घर में कैसे घुसूँगी. टैक्सी से तारा दिखा, तब रोना आया. अब तक नहीं आया था."

काकांनी हातातला मावळा परत जागेवर ठेवला. मग म्हणाले, "मालूम है. मेरी मिसेस दिवाली में गई. अस्पताल से लौटा तो पूरी बिल्डिंग में दिये थे, सिर्फ मेरा घर काला. ताला खुला ही नहीं मुझसे. सीढ़ी पर बैठा रहा."

इतक्या वर्षांच्या शेजारात मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

अन्नम्माने भाताची पेज टाकली आणि काकांना हाताला धरून पानावर बसवलं. घरच्यांनी जेवणाआधीच्या प्रार्थनेला डोळे मिटून माना खाली घातल्या. साऱ्या जिन्याला विधी शिकवणारे काका गोंधळून इकडेतिकडे बघू लागले. मग हळूच विचारलं, "अब मुझे क्या करना होता है?"

"कुछ नहीं, अंकल," वाटी त्यांच्यापुढे सरकवत ती म्हणाली. "आप घर के हैं. खाइए."