मसाल्याच्या डब्याची झडती

सहा महिन्यांत सुंदराच्या तोंडात गोडाचा कण गेला नव्हता, आणि घरात एकाचाही तिच्यावर विश्वास नव्हता. शपथा घेऊन झाल्या, रडून झालं. लोक हसायचे.

डॉक्टरांनी तीन महिन्यांची साखर नऊ आहे म्हणून सांगितलं, त्याच दिवशी तिने चहा फिका केला, भात सोडला, दोन भाकरींची एक केली. पोट भरायला डाळ वाढवली. जेवणाला तीन वाट्या. गोळ्या वेळेवर. रोज सकाळी सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या कालव्यापर्यंत चालणं. (इतकं तर ती माहेरी जायलाही चालली नव्हती.)

पुढचा रिपोर्ट आला. साडेनऊ.

डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेन, मिठाई बंध नथी करी ने?"

"मम्मी, तू जलेबीवाल्याकडे थांबतेस," मुलगा हेमराज म्हणाला आणि रविवारी गुपचूप मागे गेला. सुंदरा जलेबीच्या कढईसमोरून नाकाला पदर लावून गेली. (तो मात्र पाव किलो खाऊन आला.)

नवरा सुकदेव लूमखात्यातला, हजार धाग्यांत तुटलेला धागा शोधणारा. त्याने घराची झडती घेतली. फ्रीज, तांदळाची कोठी, देवांच्या मागची जागा. तिथे एक पेढा सापडला, पण तो दगड झालेला. त्याने चावून पाहिला. दाढ हलली.

मग सून जयश्री गोड आवाजात म्हणाली, "मम्मी, आता स्वयंपाक मी बघते. तुम्ही आराम करा."

सून सासूला आराम देते तेव्हा स्वयंपाकघर मागते, हे कळायला चौथीच्या पुढची शाळा लागत नाही. सुंदराचा तिळपापड झाला.

"कोणीतरी माझ्या ताटात गोड कालवतंय," ती म्हणाली. "ज्याचं नाव निघेल, त्याचा हात पुन्हा या घरातल्या शेगडीला लागणार नाही. सप्तशृंगीची आण."

त्याच आठवड्यात खानदेशातल्या पारोळ्याहून नणंद अनुसया आली. सगळे जेवायला बसले. अनुसयाने डाळीचा एक भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"वहिनी, हाई डाय शे का खीर?"

"डाळच आहे. तुमच्या जिभेला तिखटाची सवय."

अनुसया उठली आणि तिने सरळ मसाल्याचा डबा उघडला. हळद, तिखट, मोहरी, जिरं, धणेपूड, हिंग. आणि सातव्या वाटीत चिरलेला गूळ, काठोकाठ. झडतीत हा डबा कोणी उघडलाच नव्हता. मसाल्यात गोड कोण शोधणार?

"त्याला गूळ कोण म्हणतं?" सुंदरा म्हणाली. "तो डाळीचा मसाला. सुरतेत सगळेच घालतात. इथे येऊन बावीस वर्षं झाली, कोणाला काही झालं?"

बोलता बोलता तिची नजर स्वतःच्या तिसऱ्या वाटीवर गेली, आणि तिने ती हळूच ताटाबाहेर सरकवली.

"पण टाकस कोण?" अनुसयाने विचारलं.

हेमराज ताटात बघू लागला. जयश्री सून, ती सासूचं नाव कसं घेणार?

राहिला सुकदेव. एकतीस वर्षांत त्याने बायकोचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आधी 'ऐकलं का', मग 'हेमराजची माय'. लग्नात उखाण्याच्या वेळी तर तो गोठ्यात जाऊन लपला होता. आज त्याने तोंड पुसलं, कॅलेंडरावरच्या सप्तशृंगीला एकदा हात जोडले आणि स्पष्ट म्हणाला,

"सुंदरा."