मास्तरांच्या खड्ड्याची जागा

चाळीस पोरांना एका रांगेत उभं करणाऱ्या माणसाला चार वांगी आणि एक खताचा खड्डा जागेवर बसवता येऊ नये, असं कसं होईल? गुणवंतराव मास्तरांनी यंदा पहिलं बक्षीस काढायचंच ठरवलं होतं. त्या साली सरकारनं गावोगाव कंपोस्टचे खड्डे खणायचं मनावर घेतलं होतं. सोमवारी ब्लॉकचे साहेब भाजीच्या वाड्या बघायला येणार होते आणि ज्याची वाडी पहिली, त्याला गॅसबत्ती मिळणार होती. मनकर्णाबाईंनी तर नवऱ्यावर विश्वास ठेवून आढ्याला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

वांगी, रताळी, वालाचा मांडव, सगळं मास्तरांनी दोरी धरून लावलं. घोडं अडलं ते खड्ड्यापाशी. पहिला खणला स्वयंपाकघरामागं.

"अवो, मी इथी भात शिजवू का नाक धरू?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

तो बुजवला. दुसरा विहिरीजवळ खणला. मग सरकारी पुस्तकात तेराव्या पानावर 'विहिरीपासून लांब' असं निघालं. पान आधी वाचायला हवं होतं खरं, पण मास्तरांना पोरांकडून वाचून घ्यायची सवय, स्वतः वाचायची नव्हे. तोही बुजवला. तिसरा मात्र अगदी पुस्तकाबरहुकूम, जंगलाकडच्या कोपऱ्यात, काट्यांच्या कुंपणाला लागून. कंबरभर खोल, आत शेण आणि रताळ्यांच्या साली, वर सागाच्या पाल्याचं पांघरूण.

रविवारी दुपारी जंगलखात्याचा लटारू नाकेदार तिथून चालला होता. तो कुंपणापाशी थांबला.

"गुर्जी, हे काय करून राह्यले?"

"कंपोस्ट."

"जंगलाच्या तोंडाशी खड्डा, आत रताळं, वरून पाला. आमी याले रानडुकराचा सापळा म्हंतो. केस होते जी."

"अरे बापा, खत हाय हे. सरकारच्या पुस्तकात लिवलं हाय."

"पुस्तक डुकरानं वाचलं काय?"

लटारू मनाचा वाईट नव्हता. त्याची पोरगी मास्तरांच्याच शाळेत होती. म्हणून त्यानं तोडगा काढला. "मी उद्या सकाळी येतो. खड्ड्यात डुक्कर नसलं, त माफ. असलं, त तुमी आन् डुक्कर दोघंबी रेंजरसाहेबापुढं."

सत्तावीस वर्षांची नोकरी डुकरापायी जायची म्हणजे काय? पण हातपाय गाळतील ते गुणवंतराव कसले. खड्ड्याजवळ डुक्कर फिरकूच द्यायचं नाही, असं त्यांनी पक्कं केलं आणि धोतर खोचलं. काटे हवे होते. रानात तोडायला जावं, तर पुन्हा लटारूच आडवा येणार. मग त्यांनी वाडीच्याच कुंपणाचे काटे ओढून काढले आणि खड्ड्याभोवती दुहेरी वेढा घातला. दिवेलागणीपर्यंत खड्ड्याला चांद्याच्या परकोटासारखी तटबंदी झाली.

"अवो, काटे सारे तिकडं गेले, त इकडं काय राह्यलं?" मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या.

"तुले खतातलं काई समजत नाई," मास्तर म्हणाले आणि निवांत झोपले.

सकाळी लटारू आला. त्यानं खड्ड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. पाल्याचं पानही हललं नव्हतं.

"सुटले तुमी गुर्जी! डुक्कर खड्ड्याकडं फिरकलंबी नाई."

फिरकायला त्याला सवड कुठे होती? रताळ्यांचा वाफा नांगरल्यासारखा उकरलेला, वांगी तुडवलेली, वालाचा मांडव आडवा. एक डुक्कर नव्हे, सारं खटलं घेऊन आलं असावं. मास्तर सुटल्याच्या आनंदात हसू लागले आणि वाफ्यांकडे बघून तोंड तसंच उघडं राहिलं.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेबांनी पुस्तक उघडलं, विहिरीपासून पावलं मोजली, वारा बघितला आणि मान डोलावली.

"खड्ड्याची जागा उत्तम निवडली मास्तर. आता वाडी कधी लावताय?"

आढ्याच्या त्या खिळ्याला मास्तर हल्ली छत्री टांगतात.