वारा पडलेला रविवार

"आज जमणार नाही, योगेशराव," गच्चीवरून खाली येत निवृत्तीराव खैरनार म्हणाले. "वारा फिरतोय."

जिन्यात त्यांचा जावई उभा होता. डोक्यावर टोपी, हातात गळाची काठी, आणि खाली इंदिरानगरच्या रस्त्यावर त्याच्या मारुती व्हॅनच्या टपावर दोरांनी आवळून बांधलेली पिवळीधमक कयाक. दोन माणसांनी एकामागे एक बसायचं आणि वल्ह्यानं चालवायची अशी ती निमुळती प्लॅस्टिकची होडी. योगेशच्या कंपनीतला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी परतताना ती त्याच्या गळ्यात मारून गेला होता. तीत बसून धरणात मासे धरायचे, असं योगेशनं लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात सासऱ्यांच्या घरी जाहीर केलं होतं.

"फिरतोय म्हणजे किती, मामा? थोडाफार चालतो."

"वाऱ्यात थोडाफार नसतो."

योगेशनं मोठा सुस्कारा सोडला, गळाची काठी भिंतीला टेकवली आणि आत जाऊन सासूबाईंच्या हातचे पोहे दोनदा मागून खाल्ले.

निवृत्तीराव सटाण्याच्या पंचायत समितीतून सेवानिवृत्त होऊन मुलीच्या जवळ म्हणून नाशकात राहायला आले होते. वाऱ्यातला त्यांचा अधिकार घरात कोणी नाकारत नसे. लहानपणी खळ्यावर वावडीवर, म्हणजे उफणायच्या उंच तिवईवर, उभं राहून त्यांनी बाजरी उफणली होती, आणि उफणणाऱ्याला वारा कळावाच लागतो, असं ते सांगत. त्यासाठी एका पुरचुंडीत त्यांनी बाजरीचा भुसा ठेवला होता. गच्चीवर जाऊन त्यातली चिमूट सोडायची, ती कुठे जाते ते बघायचं आणि मग निकाल द्यायचा.

योगेशचा अभ्यास वेगळा होता. सायबर कॅफेत बसून त्यानं परदेशी नियम वाचले होते. समुद्रावर जायचं तर वाऱ्याचा वेग बघावा. भरती-ओहोटीच्या वेळा बघाव्यात. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तर अजिबात उतरू नये.

"आणि इथं भरती-ओहोटीचं काय?" निवृत्तीरावांनी विचारलं होतं.

"मामा, धरणाला कुठली आलीय भरती-ओहोटी?"

"का नाही? पावसाळ्यात भरती. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की ओहोटी."

त्यामुळे दुसरा रविवार आवर्तनात गेला. तिसऱ्या रविवारी भुसा सरळ खाली पडला, तेव्हा योगेशचा चेहरा क्षणभर उतरल्यासारखा वाटला; पण निवृत्तीराव बराच वेळ आभाळाकडे बघून म्हणाले, "इतका पडलेला वारा बरा नाही. दबा धरून बसलाय." योगेशनं पुन्हा सुस्कारा सोडला आणि तो जेवायलाही थांबला.

मग मधल्याच एका दिवशी निकिता एकटी माहेरी आली. चहा न घेताच ती वडिलांसमोर बसली.

"आप्पा, एक विचारू? तुमचा यांच्यावर भरवसा नाही का?"

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात. 'तुझ्या वडलांना मी लहान पोरगा वाटतो. साधं पाण्यात उतरू देत नाहीत.' कालपासून धड बोलत नाहीयेत माझ्याशी."

निवृत्तीरावांची ती एकुलती एक मुलगी. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. त्या रात्री बायकोनं, छायाबाईंनी, विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "या रविवारी जाऊ आपण सगळे."

रविवारी योगेश नेहमीसारखा टोपी घालून जिन्यात आला. निवृत्तीराव पँटचे पाय दुमडून तयार होते.

"चला, योगेशराव. वारा उत्तम आहे. आणि मीही बसतो तुमच्या मागं."

योगेश बघतच राहिला. "नक्की, मामा? ते समोरचं अशोकाचं पान हललं आत्ता."

"हलू द्या."

"आणि आवर्तन? कालपर्यंत चालू होतं म्हणतात."

"पाणी पुष्कळ आहे धरणात. तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे," निवृत्तीराव इतक्या मोठ्यानं म्हणाले की व्हॅनमध्ये बसलेल्या निकितालाही ते ऐकू जावं. तिला ते ऐकू गेलं. ती हसली. योगेशनं टोपी घट्ट केली आणि तो व्हॅनकडे वळला.

धरणाच्या ज्या काठावर ते उतरले, त्याच्या पाठीशी एक बुटकी टेकडी होती. पाणी आरशासारखं संथ पडलं होतं. निवृत्तीरावांनी भुसा सोडला, तो त्यांच्याच पायावर पडला. छायाबाईंनी होडीला हळदकुंकू वाहून उदबत्ती लावली, तिचा धूरही सरळ वर गेला. दोघांनी फुगीर नारिंगी जाकिटं चढवली. सतरंजी पसरून दोघी मायलेकी काठावर बसल्या आणि सासरे-जावई पाण्यात निघाले.

सुरुवात झकास झाली. टेकडी मागे पडली तशी होडी सुळकन पुढं जाऊ लागली. मान थोडी थंड लागत होती, तेवढंच.

"वा!" निवृत्तीराव मागून म्हणाले. "चांगला वेग धरलाय तुम्ही."

योगेश मान न वळवता म्हणाला,

"मामा, मी वल्हं मारतच नाहीये."

निवृत्तीरावांनी मागं वळून पाहिलं. सतरंजी हातरुमालाएवढी झाली होती. टेकडीनं इतका वेळ जो वारा अडवून धरला होता, तो इथं मोकळा सुटला होता आणि थेट त्यांच्या पाठीवर बसला होता. काठावर भुसा सरळ पडला तो वारा नव्हता म्हणून नव्हे, मध्ये टेकडी होती म्हणून. नेमका तोच वारा: जमिनीकडून पाण्याकडे.

"वळवा!"

"वळवतोय!"

होडी आडवी झाली, तशी लाट आत आली. गळाची काठी, आमिषाचा डबा आणि योगेशची टोपी पाण्यात गेली. एक वल्हं उजवीकडे मारत होता, दुसरा डावीकडे, आणि होडी जागच्या जागी गिरकी घेऊन पुन्हा पलीकडच्या काठाकडे निघाली.

"अरे योग्या, उजवीकडं मार! उजवीकडं! जेवतोस तो हात!" निवृत्तीराव ओरडले. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती.

"मारतोय की! तुम्ही थांबा आधी!" जावईही पहिल्यांदाच सासऱ्यांवर ओरडला.

पुढचं सगळं वाऱ्यानंच केलं. पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा दोघांच्या जिवात जीव आला. पण काठापाशी पाणी नव्हतं. कालव्याला पाणी गेलं होतं आणि बाभळींपर्यंत नुसता काळा, ओला गाळ चमकत होता. होडी त्यात शिरली आणि गुळाच्या ढेपेत सुरी रुतावी तशी उभी राहिली. निवृत्तीरावांनी एक पाय खाली टाकला. तो गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा टाकला, तो त्याहून खोल गेला.

जवळच पाण्यातून निघालेला मोटरीचा पाइप गाळावरून वर शेताकडे गेला होता. दोघं त्याला धरून, पाय उपसत, इंचाइंचानं सरकू लागले. निम्म्या वाटेवर योगेशचा पाय घसरला, त्यानं सगळा भार पाइपवर टाकला आणि जोड सुटला. पाण्याचा फवारा दोघांच्या तोंडावर बसला.

"आरं ए! कोन हाय तिथं?" वरून एक शेतकरी धावत आला. केरू त्याचं नाव. त्यानं गाळात उभी पिवळी होडी बघितली, दोन नारिंगी माणसं बघितली, पण त्याचा जीव पाइपात होता. "आरं, लाईट जायला आली नं! निम्मी कोथमीर कोरडी हाय माझी! धरा तो जोड, आवळून धरा!"

"भाऊ, मोटर बंद करा ना," योगेश कसाबसा म्हणाला.

"बंद केली तं जोडस्तोवर लाईट जाईल! म्या ट्यूब आनतो बांधायला. तवर सोडायचं नाय, सांगून ठिवतो."

तो गेला. सासरे आणि जावई गाळात मांडीभर बुडून, पाइपाची एकेक बाजू छातीशी धरून समोरासमोर बसले. हात सैल झाला की फवारा तोंडावर यायचा. केरू काही लवकर येईना. ऊन चढलं होतं.

"योगेशराव," निवृत्तीराव म्हणाले, "माझं चुकलं. मला वाऱ्यातलं काही कळत नाही."

"पण उफणणी?"

"उफणायची माझी आई. मी पोती धरायचो. तुम्हाला नाही म्हणायचो ते वारा बघून नाही. भीती वाटायची. तुम्हाला काही झालं तर पोरीला काय तोंड दाखवू?"

योगेशनं डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं. ते पाइपाचंच असावं.

"मामा, तुम्ही नाही म्हणता म्हणूनच तर मी दर रविवारी येत होतो."

"म्हणजे?"

"मला खोल पाण्याची फार भीती वाटते. लग्न ठरताना निकितासमोर फुशारकी मारून बसलो. मग होडीच गळ्यात आली. म्हटलं, आपण जिद्द दाखवायची, तुम्ही अडवणारच. तुमच्यावर भरवसा होता माझा."

"आणि ते बोलत नव्हतास तिच्याशी?"

"ती म्हणाली, 'मी आप्पांना समजावते.' मग काय बोलू?"

 निवृत्तीरावांचे खांदे हलू लागले. जोड सैल झाला, फवारा दोघांवर उडाला, तरी त्यांना हसू आवरेना. आणि ते हसतात म्हटल्यावर योगेशही हसायला लागला. केरू ट्यूब घेऊन आला तेव्हा ही दोन माणसं रडताहेत की काय असं वाटून तो बिचारा नरमला. "ऱ्हाऊ द्या आता," तो म्हणाला. "लाईट गेली." त्यानं दोर टाकून आधी दोघांना आणि मग होडीला बाहेर ओढलं.

तेवढ्यात बांधावर व्हॅन येऊन थांबली. धरणाला रस्त्यानं पूर्ण वळसा घालून निकितानं ती भरधाव आणली होती. छायाबाई खाली उतरल्या त्या देवाचं नाव घेतच. निकितानं दोघांना डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. दोघेही धड आहेत याची खात्री पटली, तेव्हा कुठं तिचा आवाज चढला.

"वारा चांगला आहे असं कोण म्हणालं होतं?"

"मी," सासरे आणि जावई एकदमच म्हणाले.

छायाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. गाळातून फक्त चार डोळे दिसत होते, आणि चारही खाली होते. त्यांनी व्हॅनचं दार उघडलं, सीटवरची चादर काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"आत बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधी त्या भाऊंच्या शेतातल्या विहिरीवर जाऊन अंग धुऊन या. आणि काठावरूनच."