थरथर मान्य मर्यादेत
सरावलीच्या आमच्या कार्यालयात पंख्यापासून टेबलापर्यंत सगळं थरथरतं आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. त्यामुळे चिंचणीच्या समुद्रातली नळी थरथरते, या तक्रारीकडे आम्ही कोणताही पूर्वग्रह न ठेवता पाहिलं, हे आधीच नमूद करतो.

ही नळी कारखान्यांचं सांडपाणी किनाऱ्यापासून दूर नेऊन सोडते. ती बारीक आहे, फार लांब आहे आणि खालची रेती वाहून गेल्याने मधेमधे अधांतरी लोंबते. भरती-ओहोटीचं पाणी तिला ओलांडताना मागे भोवरे सोडत जातं, एकदा वरून, एकदा खालून, आणि त्या तालावर नळी हलू लागते. फार हलली तर सांधा तुटणार आणि कोळी जिथे जाळी टाकतात तिथेच सांडपाणी बाहेर पडणार. हे समुद्रात उतरून पाहणं गैरसोयीचं असल्याने संगणकावर पाहायचं ठरलं. ते काम आमच्या सल्लागार संस्थेला मिळालं. संस्थेचा प्रमुख मीच, मनीष.

आमच्या इंजिनिअर प्रियदर्शिनीने संगणकात समुद्र तयार केला, त्यात नळी ठेवली, प्रवाह सोडला. चित्र आलं. हालचाल कमी तिथे हिरवा रंग, जास्त तिथे लाल. नळी लालभडक होती.

"सर, सांधा टिकणार नाही," ती म्हणाली. "खालून आधार द्यायला हवेत, आणि लवकर."

"लाल रंग बैठकीत चालत नाही," मी तिला समजावलं. "प्रदूषण मंडळाचे साहेब लाल दिसलं की फाईल मिटतात."

"पण आकडे तेच आहेत सर."

"आकड्यांना हात लावायचाच नाही. आपण तसली माणसं नाही. चित्राच्या बाजूला रंगांची पट्टी असते ना? त्यात लाल कुठून सुरू होतो, तेवढं वर सरकव."

तिने पट्टी सरकवली. नळी आधी पिवळी झाली, मग पोपटी, मग गर्द हिरवी. आकडे जागच्या जागी होते. विज्ञानाची ही लवचिकता पाहून मला खरोखर भरून आलं.

जनसुनावणीत साहेबांनी चित्र पाहिलं. "छान. हिरवी आहे," ते म्हणाले आणि चहा मागवला. तेवढ्यात चिंचणीच्या रत्नाबाई उठल्या. घरची होडी, दोन नातवंडं, आणि सगळा संसार त्याच पाण्यावर.

"सायेब, नळी फुटली तर आमी काय करायचा?"

"बाई, चित्र बघा. हिरवं आहे."

"चित्र हिरवा हाय, त्ये दिसला. पान्याचा काय?"

"पाणी या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही," मी म्हणालो. साहेबांनी मान डोलावली. आधार देण्याचा विषय निकाली निघाला.

नळी अमावास्येच्या उधाणात तुटली. आम्ही तत्परतेने फेरअभ्यास केला. तुटलेला भाग तळाशी निपचित पडला होता आणि त्याची थरथर शून्य होती. या वेळी जुनी पट्टी लावली तरी नळी हिरवीच आली. नळीची समस्या कायमची सुटली, असं प्रमाणपत्र साहेबांनी सहीनिशी दिलं.

मग पाणी आणि मासे तपासायचं कामही आम्हालाच मिळालं, कारण नळीचा अनुभव आमच्याकडे होता. नकाशा आला तो किनाऱ्यालगत लाल. मी तोंड उघडायच्या आत प्रियदर्शिनीने पट्टी वर सरकवली. मुलगी तयार झाली होती. माझ्याकडे तिने पाहिलं मात्र नाही.

दोन दिवसांनी रत्नाबाई कार्यालयात आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत पापलेट.

"सायेब, मासली चांगली हाय ना? खरा सांगा. घरात कोनी खाल्ली नाय अजून. नातवंडं मागतात."

मी नकाशा दाखवला. "हिरवं आहे. शास्त्रीयदृष्ट्या हरकत नाही."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी त्यातली चांगली जोडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "मंग ही तुमच्या घरी. पैसं नको."

"नको, आज माझा गुरुवार आहे," मी म्हणालो.

"आज शनवार हाय, सायेब."

"माझाही गुरुवार आहे," प्रियदर्शिनी संगणकाकडे पाहत म्हणाली. साहेबांना फोन लावून विचारलं. त्यांचाही गुरुवार होता, आणि तो पुढल्या महिन्यापर्यंत चालणार होता.

रत्नाबाईंनी जोडी उचलून पाटीत परत ठेवली. "म्हंजे पोरांना नाय द्यायची," त्या म्हणाल्या. "मंग हिचा काय करू?"

सल्ला देणं हा आमचा व्यवसायच आहे, पण हा मी फुकट दिला. "बोईसरहून शहराकडे गाडी जाते, तिच्यात भरा. तिथे पट्टी कोण विचारतो?"

"तिथं बी पोरं असतील ना?"

"असतील. पण ती या अभ्यासाच्या कक्षेत येत नाहीत."

त्यांनी पाटी डोक्यावर घेतली. दुसरं काय करणार होत्या? संध्याकाळी गाडी भरली, वर बर्फ टाकला आणि ती निघाली.

तुमच्या घरी आज कोणता वार आहे?